लॅटिन ‘इंपेडिमेंटा’: सामान की अडथळा? मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सध्या घरच्या घरी लॅटिन शिकते आहे आणि सरावासाठी ज्युलियस सीझरच्या गॉलमधल्या युद्धवृत्तांतातले उतारे मराठीत आणते आहे. आता दुसऱ्या भागात आहे. इसवी सनपूर्व ५७, आजच्या बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सचा मुलूख, आणि समोर नेर्वी नावाची लढवय्यी जमात.

इथे एक शब्द सारखा भेटतो: इंपेडिमेंटा. कोशात पहिला अर्थ ‘अडथळे’, आणि त्याला लागूनच ‘प्रवासाचं सामान, विशेषतः फौजेचं’. नेर्वी रानात दबा धरून बसलेत आणि त्यांचं आपसांत ठरलंय की रोमनांचे इंपेडिमेंटा नजरेला पडले रे पडले की तुटून पडायचं. ‘सामान दिसताच’ लिहिलं तर स्टेशनवरच्या बॅगा डोळ्यांसमोर येतात. ‘अडथळे दिसताच’ लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकाच शब्दात हे दोन अर्थ आले कसे? आणि मराठीत याला आपला, वापरातला शब्द आहे का?

शब्दवेल्हाळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पायात आहे.

लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाऊल, त्याची षष्ठी ‘पेदिस’. ‘इन’ लावून क्रियापद झालं ‘इंपेदिरे’, म्हणजे पाय अडकवणं, पायात काहीतरी गुंतवणं. जे पायात गुंततं ते ‘इंपेदिमेंतुम’, आणि त्याचं अनेकवचन तुमचा शब्द. ज्यानं चाल मंदावते ते सगळं यात आलं: चिखल, खोडा, आणि फौजेमागून येणाऱ्या गाड्या आणि खेचरंही.

हे ‘पेद’ आपलंच आहे. संस्कृत पद आणि पाद, ग्रीक ‘पोदोस’, फारसी ‘पाय’, इंग्रजी ‘फुट’ (तिकडे प चा फ झाला) ही सगळी एका कुळातली मंडळी. आणि मराठीत फारसीतून आलेला एक शब्द इंपेदिमेंतुमला अगदी खेटून बसतो: पायबंद. घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी म्हणजे पायबंद. आज आपण भ्रष्टाचाराला पायबंद घाला म्हणतो तेव्हा घोडा आणि दोरी दोन्ही विसरलेलो असतो. रोमनांचंही तेच झालं असणार.

उलटा शब्दही बघा. ‘एक्स्पेदिरे’ म्हणजे गुंतलेला पाय सोडवणं. त्यावरून ‘एक्स्पेदितुस’, म्हणजे ओझ्याविना निघालेला शिपाई, आणि त्याच घराण्यातला इंग्रजीतला ‘एक्स्पिडिशन’, म्हणजे मोहीम.

चहाबाज

म्हणजे साहेब ‘फाइल एक्स्पीडाइट करा’ म्हणतात तेव्हा फायलीच्या पायातली दोरी सोडायला सांगत असतात! उद्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवतो.

घाटवाटा

मस्त धागा. वाचनखूण साठवली. जड सॅक घेऊन डोंगरातल्या अरुंद नाळेतून उतरलेल्या कुणालाही ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

सातटेकड्या

आधी उच्चाराबद्दल. लॅटिनचे त आणि द दंत्य आहेत. इंग्रजीवाल्यांना ते जमत नाहीत, आपल्याला जमतात. मग ‘इंपेदिमेंता’ म्हणूया की!

शब्दवेल्हाळ यांच्या माहितीत एक भर. रोमन फौजेत सामान दोन प्रकारचं होतं आणि त्यांना शब्दही दोन होते. शिपायाच्या खांद्यावरचं ते ‘सार्किना’. गाड्या, खेचरं, तंबू, यंत्रं, धान्य असं मागून येणारं जडजूड ते इंपेदिमेंता. अनुवादात हा फरक राहायला हवा, कारण सीझर तो काटेकोरपणे पाळतो.

सार्किनाचा संबंध ‘सार्किरे’शी जोडतात, म्हणजे शिवणं, ठिगळ लावणं. शिंप्याला लॅटिनमध्ये ‘सार्तोर’ म्हणतात तो याच धातूवरून. थोडक्यात सार्किना म्हणजे शिवून बांधलेलं गाठोडं. शिपाई ते एका दांड्याला अडकवून खांद्यावर टाकायचा. रोममध्ये सम्राट त्राजानचा जो विजयस्तंभ आहे (इसवी सन ११३), त्यावर असे दांडे खांद्यावर घेतलेले शिपाई कोरलेले आहेत. जाळीची पिशवी, भांडं, कातडी थैली, सगळं ओळखू येतं.

गाठोड्यात काय असायचं? पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस यादीच देतो: करवत, टोपली, फावडं, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. शस्त्रं वेगळी. तो म्हणतो, पायदळाचा शिपाई आणि लादलेलं खेचर यांत फारसा फरक उरत नाही. रोमनांनाही हे मान्य होतं, त्यांनी स्वतःच्या शिपायांना ‘मारियसची खेचरं’ हेच नाव ठेवलं होतं. गायुस मारियस या सेनापतीनं मागच्या गाड्या कमी करून बरंचसं ओझं शिपायांच्याच खांद्यावर दिलं, म्हणून.

निवृत्त_सुभेदार

पायदळात नोकरी केलेला माणूस म्हणून दोन शब्द.

ओझं किती होतं, किलोत सांगाल का? आमच्याकडे पाठीवरच्या पिशवीला पिठ्ठू म्हणतात. तो भरून, वर हत्यार घेऊन चढ चढलेला जवान रोमन शिपायाला लगेच ओळखेल. पण धाग्यात ‘सामान म्हणजे अडथळा’ असा जो सूर लागतोय तो मला पटत नाही. सामान मागे राहिलं की दुसऱ्या दिवशी जेवण नाही, तिसऱ्या दिवशी गोळी नाही. ज्याच्या मागून रसद येत नाही तो शिपाई हलका नसतो, उपाशी असतो.

सातटेकड्या

@निवृत्त_सुभेदार, वेगेतियस नावाचा लेखक सांगतो की नव्या रंगरुटांना ६० रोमन पौंडांपर्यंत ओझं घेऊन चालण्याचा सराव द्यावा. म्हणजे सुमारे २० किलो. चाल उन्हाळ्याच्या पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे साधारण ३० किलोमीटर. (त्यांचा उन्हाळी तास आपल्या तासापेक्षा मोठा, दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करायचे.)

आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. आठ शिपायांची एक तुकडी, त्यांचा एक चामड्याचा तंबू, एक दगडी जातं, आणि हे वाहायला एक खेचर. गव्हाचा शिधा मिळायचा तो दाणे, पीठ नव्हे. शिपाई मुक्कामाला पोचून दळायचे आणि मग भाकरी. जातं मागे राहिलं तर गहू असूनही उपास. म्हणूनच सीझर या ‘अडथळ्या’ला जिवापाड जपतो.

कृष्णाकाठ यांच्या उताऱ्यातली गंमत इथेच आहे. नेर्वींना खबर मिळाली होती की रोमन कूच करतात तेव्हा प्रत्येक पलटणीमागे (लॅटिनमध्ये ‘लेगिओ’, काही हजार शिपायांची) तिचं सामान, मग पुढची पलटण, मग तिचं सामान असा क्रम असतो. त्यांचा डाव असा की पहिली पलटण तळावर पोचेल, अंगावर सार्किना तशाच असतील, मागची पलटण सामानामुळे लांब असेल, तेव्हाच हाणायचं. पण शत्रू जवळ आल्यावर सीझरनं क्रम बदलला. सहा सड्या पलटणी पुढे, त्यामागे सगळ्या फौजेचं सामान एकत्र, आणि शेवटी नव्यानं भरती केलेल्या दोन पलटणी राखणीला. नेर्वींना गाड्या दिसल्या, ठरल्याप्रमाणे ते सुटले, आणि एका पलटणीऐवजी सहा पलटणी समोर आल्या. तरीही त्या दिवशी रोमन हरता हरता वाचले.

कृष्णाकाठ

@सातटेकड्या, तुम्ही सहज ‘सड्या पलटणी’ लिहून गेलात! मूळ शब्द ‘एक्स्पेदिते’ आहे आणि मी तिथे ‘भाररहित’ असं काहीतरी पुस्तकी लिहिलं होतं.

बखरप्रेमी

सडे हाच शब्द. आपल्या जुन्या कागदपत्रांची भाषाच ती आहे: बुणगे मागे ठेवून सडे होऊन जावे. सडा स्वार म्हणजे एकटा, मागे लटांबर नसलेला. सडाफटिंग आज आपण अविवाहिताला म्हणतो, पण मूळ छटा हीच.

आणि मग तुमच्या मुख्य शब्दाचं उत्तरही समोरच आहे. इंपेदिमेंता म्हणजे बुणगे. फारसी ‘बुनगाह’वरून आलेला शब्द. फौजेचं जड सामान, जनावरं, आणि त्याबरोबर चालणारी न लढणारी माणसं, सगळं मिळून बुणगे. सीझरच्या शब्दातही सामानाबरोबर ओझ्याची जनावरं येतात. इतका नेमका जोड दुसरा मिळायचा नाही.

कोथिंबीरवडी

पण बाजारबुणगे ही आता शिवी झालीय ना? माझ्या मुलांना ‘बुणगे दिसताच नेर्वी तुटून पडले’ वाचायला दिलं तर ती म्हणतील, कोण गुंड लोक आले?

शब्दवेल्हाळ

@कोथिंबीरवडी, शंका बरोबर आहे, पण त्यासाठी शब्द टाकून का द्यायचा? गाशा गुंडाळणे आपण रोज म्हणतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. खोगीरभरती, तोबरा भरणे, सगळा तबेलाच भाषेत आहे. संदर्भ नीट असला की वाचक बरोबर पकडतो.

अवांतर: बुद्धिबळातलं आपलं प्यादं फारसी ‘पियादा’वरून, म्हणजे पायी चालणारा शिपाई. इंग्रजीतला ‘पॉन’ लॅटिन ‘पेदो’वरून, अर्थ तोच. आणि ऑफिसातला प्यून पोर्तुगीज ‘पेआंव’वरून, तोही मूळचा पायदळी शिपाई. तिघेही त्याच ‘पेद’चे नातू.

चहाबाज

म्हणून प्यून आला की साहेबाचा चहा एक्स्पीडाइट होतो. कुळाचार आहे तो!

वसईची_पोर

आमच्याकडे हा शब्द वेगळ्याच दारानं येतो. चर्चमध्ये लग्न व्हायचं असेल तर आधी जोडप्याची नावं प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवतात, सहसा तीन रविवार. या लग्नाला कुणाला काही बाधा ठाऊक असेल तर सांगा, असं विचारतात. चर्चच्या कायद्यात त्या बाधेला शब्द आहे ‘इंपेदिमेंतुम’. आधीचं लग्न अजून कायम असणं, जवळचं रक्ताचं नातं, वय कमी असणं अशा गोष्टी. माझ्या बहिणीच्या वेळी आजी तिन्ही रविवार पहिल्या बाकावर बसून मागे वळून वळून बघत होती, कुणी उठतंय का म्हणून.

त्यामुळे माझ्या कानाला हा शब्द अडथळा म्हणूनच ओळखीचा. सामान हा अर्थ आज कळला. धन्यवाद.

लिस्बनहून

सामानाचा धागा आहे तर ‘वियातिकुम’ची आठवण काढायलाच हवी. ‘विया’ म्हणजे वाट, वियातिकुम म्हणजे वाटेसाठी बरोबर घ्यायचं ते: खाणं, पैसे. संस्कृतात पथावरून पाथेय, अगदी तीच घडण. मेघदूतातले राजहंस कैलासापर्यंतच्या वाटेला कमळाच्या देठांचे कोवळे तुकडे पाथेय म्हणून घेऊन निघतात. मराठीत शिदोरी.

पुढे गंमत अशी झाली की शिदोरीचा शब्द प्रवासालाच चिकटला. फ्रेंच ‘व्वायाज’, इटालियन ‘व्याज्जो’, इथे पोर्तुगीजमध्ये ‘वियाजें’, सगळे वियातिकुमची लेकरं. रोज मेट्रोत तिकिटाच्या यंत्रावर हा शब्द वाचते आणि मला आईनं फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या आठवतात.

वसईची_पोर

@लिस्बनहून, तो शब्दही आमच्याकडे आहे! मरणाच्या दारातल्या माणसाला जो पवित्र प्रसाद देतात तो वियातिकुम. शेवटच्या वाटेची शिदोरी.

सातटेकड्या

वियातिकुमवरून एक खरं पत्र सांगतो. दुसऱ्या शतकात इजिप्तमधला अपियोन नावाचा तरुण रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीतल्या मिसेनुम बंदरातून त्यानं वडिलांना ग्रीकमध्ये पत्र लिहिलं. ते पपायरसवर आजही शाबूत आहे. समुद्रात जिवावरचा प्रसंग आला, पण सेरापिस देवानं तारलं, असं तो कळवतो. पुढे लिहितो की मिसेनुमला पोचल्यावर मला सीझरकडून (इथे सीझर म्हणजे त्या वेळचा सम्राट) वियातिकुमची तीन सोन्याची नाणी मिळाली. पगाराआधीचा वाटखर्च. आपली तसबीर पाठवत असल्याचंही सांगतो. नवी नोकरी लागलेला पोरगा घरी जे जे कळवेल ते सगळं त्यात आहे.

दिंडीवाली

किती सुंदर! मी आळंदी ते पंढरपूर चालते त्यावरून लिहिते, चालेल ना?

दिंडीत प्रत्येकाचं सामान दोन जागी असतं. खांद्यावर पडशी किंवा शबनम, त्यात पाण्याची बाटली, टाळ, औषधं, एखादा राजगिऱ्याचा लाडू. बाकीची वळकटी आणि पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये. ट्रकमध्येच तंबू, मोठी पातेली, शिधा, गॅस, जळण. तो आमच्या आधी निघतो आणि मुक्कामाच्या गावी पुढे जाऊन तंबू ठोकतो. पिशव्यांवर ऑइलपेंटनं नावं आणि दिंडीचा नंबर लिहिलेला, कारण सगळ्या पिशव्या दिसायला सारख्या. पाऊस लागला, ट्रक वाटेत रुतला की भिजलेले पाय घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसून राहतात, अंगावरचं बदलायला कोरडं लुगडं नाही. सुभेदारसाहेब म्हणतात ते खरं आहे. ट्रकला अडथळा म्हणायची माझी जीभ वळणार नाही.

निवृत्त_सुभेदार

@दिंडीवाली, माउली! फौज आणि वारी, मुक्कामाचं गणित एकच.

घाटवाटा

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. सामान वाढत जातं आणि मग तेच माणसाला चालवू लागतं, हे रोमनांना चांगलं माहीत होतं. इसवी सनपूर्व १३४ मध्ये स्पेनमधल्या नुमांतियाला वेढा घालायला स्किपियो एमिलियानुस आला तेव्हा तळावर व्यापारी, वेश्या, ज्योतिषी यांची झुंबड होती. त्यानं सगळे हाकलले. गाड्या आणि जनावरं विकायला लावली. शिपायाकडे भांडी तीनच: मांस भाजायची सळई, एक पितळी भांडं, एक पेला. खाटा बंद, स्वतः गवतावर झोपला. खेचरावर बसून कूच करायची बंदी घातली, ज्याला चालता येत नाही तो लढेल काय म्हणून. पुढच्या वर्षी नुमांतिया पडलं.

आपल्याकडे शिवाजी महाराजांचा दंडक बखरकार सभासदानं नोंदवलाय: लष्करात बायको, बटकी, कलावंतीण न्यायची नाही, नेली तर गर्दन मारावी. दसऱ्याला निघून पावसाळ्याआधी परत छावणीत यायचं. त्या चपळाईचं मूळ यात आहे.

बखरप्रेमी

आणि हा दंडक सुटल्यावर काय झालं ते पानिपतावर दिसलं. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी, केवढा पसारा. १४ जानेवारी १७६१ ला जी गोलाची रचना केली, ती बुणगे मध्ये आणि फौज भोवती अशी, इब्राहिमखान गारद्याच्या सल्ल्यानं. मध्ये एवढं ओझं ठेवून यमुनेकडे सरकायचं होतं. बुणग्यांनी पानिपत हरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माळरान

@बखरप्रेमी, इथे कडाडून असहमत.

पानिपतावर फौज आधी उपाशी मेली आणि मग हरली. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली यमुना उतरून आल्यावर दिल्लीची वाट तुटली. गंगा-यमुनेमधल्या दोआबातून रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. मग महिनाभर जनावरं मरतात, माणसं झाडपाला खातात, आणि शेवटी ‘उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू’ म्हणून लोक भाऊंकडे जातात. हे सामान जास्त झाल्याचं लक्षण आहे की धान्य संपल्याचं? खाणारी तोंडं जास्त होती हे खरं. पण बुणग्यांच्या माथी सगळं मारून मोकळं होणं मला अन्याय वाटतो. त्यातल्या हजारो बायकापोरांचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच.

सड्या फौजेच्या कौतुकाबद्दलही बोलायचं आहे. मी शेतकरी आहे. १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावानं निजामाला हलवत हलवत नेलं, त्याला जड तोफा मागे टाकायला लावल्या, पाणी तोडलं, आणि मुंगी-शेवगावचा तह करायला लावला. अप्रतिम मोहीम, शंकाच नाही. पण सडा घोडा खातो काय? रानातली ज्वारी. स्वार खातो काय? वाटेतल्या गावच्या कणगीतलं. सड्या फौजेचं सामान असतंच, ते दुसऱ्याच्या घरात असतं. सीझरचंही तेच. गॉलमधल्या प्रत्येक मोहिमेआधी त्याचा पहिला प्रश्न धान्याचा, आणि ते गॉल लोकांनीच पुरवायचं.

बखरप्रेमी

@माळरान, रसद तुटणं हे मोठं कारण होतं हे मान्यच. पण रसद इतक्या लवकर का संपली, याचं उत्तर पुन्हा बुणग्यांशीच येतं. आपण दोघं एकाच दोरीची दोन टोकं धरून आहोत.

तांड्यावरचा

माळरान यांच्या प्रतिसादाला +१, आणि एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

दख्खनच्या फौजांची रसद वाहिली कुणी? आमच्या लमाण बंजाऱ्यांनी. तांडा म्हणजे आज रस्त्याकडेची वस्ती वाटते, पण तांडा ही चालणारी गोष्ट होती. हजारो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी धान्याची किंवा मिठाची गोणी, बरोबर बायकापोरं, कुत्री. गाडी नाही, त्यामुळे रस्ता लागत नाही, घाट-नाला सगळं चालतं. बैल चरत चरतच पुढे जातो, म्हणून वैरण वाहावी लागत नाही. मोगल, मराठे, इंग्रज, सगळ्यांना धान्य घातलं. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज मराठ्यांवर चालून आली तेव्हा तिच्या मागेही बंजाऱ्यांचे बैल होते.

आमच्या पणज्याच्या काळापर्यंत घरात बैलाच्या गोण्या होत्या, असं वडील सांगतात. कवड्या आणि भरतकाम केलेल्या. पुढे आगगाडी आली, धंदा गेला, आणि त्याच लोकांना इंग्रजांनी कायद्यानं गुन्हेगार ठरवलं. बुणगे, बाजारबुणगे हे शब्द वाचले की मला ती माणसं दिसतात. फौजेचं पोट त्यांच्या बैलांच्या पाठीवर होतं.

दिंडीवाली

@तांड्यावरचा, यावर स्वतंत्र धागा काढा, कृपया. कवड्यांच्या गोणीचा फोटो असेल तर तोही टाका.

सातटेकड्या

पानिपतच्या गोलावरून सीझरमधलाच दुसरा प्रसंग आठवला. इसवी सनपूर्व ५४ चा हिवाळा. साबिनुस आणि कोता हे दोन अधिकारी एक पलटण आणि पाच कोहोर्त (एक कोहोर्त म्हणजे पलटणीचा दहावा भाग) घेऊन एबुरोनेस जमातीच्या मुलखात तळ देऊन होते. त्या जमातीचा राजा आंबियोरिक्स यानं गोड बोलून त्यांना बाहेर काढलं: जर्मन टोळ्या येताहेत, वेळेत निघा, वाट देतो. पहाटे निघाले ते प्रचंड लांब रांग आणि प्रचंड सामान घेऊन. खोल दरीत दोन्ही बाजूंनी हल्ला झाला.

अधिकाऱ्यांनी हुकूम दिला, सामान टाका आणि गोल करून उभे राहा. मूळ शब्दही ‘ओर्बिस’, म्हणजे वर्तुळच. सीझर म्हणतो, अशा वेळी हा हुकूम चुकीचा नाही, पण परिणाम वाईट झाला. सामान टाकलं म्हणजे आशा सोडली, असं शत्रूलाही कळलं आणि आपल्यांनाही. आणि शिपाई निशाणं सोडून गाड्यांकडे धावले, ज्याला जे जिवाभावाचं होतं ते काढून घ्यायला. सगळीकडे आरडाओरडा आणि रडणं. तिकडे एबुरोनेसांच्या म्होरक्यांनी आपल्या लोकांना बजावलं, जागा सोडू नका, लूट तुमचीच आहे, आधी जिंका. जवळजवळ सगळे रोमन मारले गेले.

निवृत्त_सुभेदार

ज्याला जे जिवाभावाचं होतं ते. हे वाक्य लिहिणारा माणूस शिपायांत राहिलेला होता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तांड्यावरचा आणि माळरान यांचे प्रतिसाद वाचून बराच विचार केला, आणि आता असं ठरवलंय:

सार्किनाला ‘पाठीवरचं गाठोडं’. एक्स्पेदितेला ‘सड्या पलटणी’. इंपेदिमेंता चालत असतील, म्हणजे गाड्या, जनावरं, माणसं मिळून पुढे सरकत असतील, तेव्हा ‘बुणगे’. आणि नुसत्या वस्तू अभिप्रेत असतील तिथे ‘जड सामान’. साबिनुस-कोताच्या प्रसंगात शिपाई धावतात ते सामानाकडे, तिथे बुणगे लिहिलं तर अर्थ बिघडेल. बुणगे शब्द पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच ‘फौजेमागून येणारे गाड्या-जनावरांचे बुणगे’ असं लिहीन, म्हणजे कोथिंबीरवडी यांच्या मुलांना अडचण येणार नाही.

आता पुढची अडचण. बुणग्यांबरोबरच्या नोकरांना सीझर ‘कालोनेस’ म्हणतो. नेर्वींच्या लढाईत ते दोनदा येतात. आधी रोमन जिंकताहेत असं टेकडीवरच्या तळावरून दिसतं तेव्हा ते लुटीसाठी बाहेर पडतात, आणि मागे वळून पाहतात तो नेर्वी तळातच शिरलेले. मग धूम पळतात. पण शेवटी दहावी पलटण मदतीला येते, शत्रू घाबरलेला दिसतो, तेव्हा हेच नोकर हातात शस्त्र नसताना सशस्त्र नेर्वींच्या अंगावर धावून जातात. यांना काय म्हणू? नोकर फारच घरगुती वाटतं.

बखरप्रेमी

शागिर्दपेशा. फौजेबरोबरच्या चाकरमाणसांना हाच शब्द होता.

तांड्यावरचा

शागिर्दपेशा आज कुणाला कळणार? ‘तळावरचे गडी’ लिहा. गडी या शब्दात चाकरही आहे आणि मर्दही आहे. निःशस्त्र धावून जाणाऱ्याला तोच शोभतो.

निवृत्त_सुभेदार

गडीला माझंही मत. एक शंका: दहावी पलटण तेव्हा होती कुठे? इतक्या वेळेत परतली कशी?

सातटेकड्या

नदीपलीकडे. लाबिएनुस हा सीझरचा सरदार समोरच्यांना रेटत थेट शत्रूच्या तळापर्यंत पोचला होता. तो तळ उंचावर, तिथून आपल्या तळावर काय चाललंय ते त्याला दिसलं आणि त्यानं दहावीला माघारी धाडलं. पळून येणाऱ्या स्वारांकडून आणि गड्यांकडून त्यांना मामला किती बिकट आहे ते कळलं, आणि मग त्यांनी वेगात कसूर केली नाही.

कृष्णाकाठ

‘तळावरचे गडी’ पक्कं. हा भाग पुरा झाला की पुढचा उतारा याच धाग्यावर टाकते. पाठीवरच्या गाठोड्याची जागा सगळीकडे नीट राहिली आहे का ते सुभेदारसाहेबांनी तपासावं.